सोलापूरचा भुईकोट, तळं आणि हुतात्मा बाग : एका सकाळीत नीट कसं बघायचं

अक्कलकोट झालं, तुळजापूर झालं, पंढरपूर उद्या, आणि मधे जेवायला सोलापूर. बाहेरगावच्या बहुतेक गाड्यांचा कार्यक्रम असाच ठरलेला असतो. सिद्धेश्वराच्या देवळाशी गाडी लागते, वीस मिनिटांत दर्शन, दोन चादरी, अर्धा किलो शेंगा चटणी, की निघाली मंडळी. पाण्यापलीकडे काळ्या दगडाचा तट दिसतो, त्याच्याकडे कुणीतरी बोट दाखवतं, "किल्ला वाटतं", आणि दार ओढून गाडी सुरू. हा लेख त्या गाडीतल्या लोकांसाठी. आणि ज्यांनी किल्ला फक्त शाळेच्या सहलीत पाहिलाय, अशा सोलापूरकरांसाठीही, कारण ते संख्येनं कमी नाहीत.

आधी जागा समजून घ्या. सिद्धेश्वर तलाव, त्यातलं देऊळ, शेजारचं होम मैदान, भुईकोट किल्ला, किल्ल्याला लागून असलेली हुतात्मा बाग आणि पुढचा पार्क चौक, हे सगळं एकमेकांना चिकटून आहे. रिक्षावाल्याला प्रत्येक ठिकाण वेगळं सांगितलंत तर तो बिचारा हसेल. एकदा उतरलात की पुढची सगळी सकाळ पायी होते. साडेतीन-चार तास हाताशी ठेवा.

माझा एकच आग्रह आहे, तो म्हणजे क्रमाचा. लोक थेट किल्ल्याच्या तिकीट खिडकीवर जातात, आत शिरतात, हिरवळ आणि दगड बघतात आणि "आत फारसं काही नाही" म्हणत बाहेर येतात. भुईकोट आधी बाहेरून बघायचा असतो. डोंगरी किल्ल्याचं संरक्षण डोंगर करतो, इथे ते माणसांनी खंदक खणून, पाणी अडवून आणि तटामागे दुसरा तट उभारून केलंय. ती रचना आत गेल्यावर नजरेतून निसटते. म्हणून आधी तळं, मग तट, मग आतला भाग आणि शेवटी बाग.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, डोळे झाकून. मार्चच्या शेवटापासून ऊन चढतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर रेंगाळतो. काळा दगड दुपारी असा तापतो की बुरुजाच्या कठड्यावर हात टेकवत नाही. उन्हाळ्यातच यावं लागणार असेल तर सकाळी उजाडताच सुरू करा आणि दहाच्या आत आटपा. संध्याकाळी जमेल, पण किल्ल्यातून अंधाराआधी बाहेर काढतात, त्यामुळे धावपळ होते.

पावसाळा इथे कोकणासारखा नाही. सोलापूर अवर्षणाच्या पट्ट्यातलं, सलग आठ दिवस पाऊस लागला तर गावात ती बातमी होते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा बरी असते, तटातून गवत उगवलेलं असतं, फोटो छान येतात. पायऱ्या मात्र शेवाळतात. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून बुरुजावर चढायचं धाडस करू नका.

दिवसातली वेळ सकाळचीच, आणि त्याला उन्हापलीकडचं कारण आहे. तळं किल्ल्याच्या पूर्वेला आहे. सकाळी तळ्याच्या बाजूनं तटाकडे तोंड करून उभं राहिलात की सूर्य तुमच्या पाठीशी आणि उजेड थेट तटावर. बुरुजांची गोलाई, बंदूक रोखायच्या जंग्यांची भोकं, दगडांचे थर सगळं सुटं दिसतं. संध्याकाळी तिथूनच पाहाल तर तट म्हणजे नुसती काळी आकृती. तीही देखणी असते, पण त्यातून कळत काही नाही.

यायचं कसं

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना सिद्धेश्वर एक्स्प्रेस सगळ्यात सोयीची. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी सोलापुरात उतरायचं. पुण्याहून संध्याकाळी निघणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्री पोचवते आणि मुंबईची वंदे भारतही रात्रीच येते, म्हणजे या दोन्ही गाड्यांनी आलात तर मुक्काम आला. गंमत अशी, की सिद्धेश्वर आणि हुतात्मा ही गाड्यांवरची दोन्ही नावं जिथली, तिथेच आपण चाललोय.

स्टेशनवरून किंवा एसटी स्टँडवरून रिक्षा करा आणि "सिद्धेश्वर मंदिर" म्हणा. बसण्याआधी भाडं ठरवा. स्वतःची गाडी असेल तर देवळाच्या बाजूला लावून तिथेच विसरून जा. पार्क चौकाकडे गाडी न्यायचा मोह टाळा. तिथली संध्याकाळची गर्दी गावकऱ्यांनाही नकोशी होते.

पहिला टप्पा : तळं आणि देऊळ

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत. त्यांनी कन्नडमध्ये वचनं लिहिली आणि या दुष्काळी मुलखात लोकांना हाताशी धरून तळं खणलं. सोलापूरचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. गावात त्यांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली असं मानतात, आणि आजही यात्रेत त्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. देवळाच्या आवारातच त्यांची समाधी आहे. दर्शनाला कितीही गर्दी असली तरी समाधीपाशी दोन मिनिटं थांबा. बाहेरचे लोक गाभाऱ्यातून थेट चपलांच्या स्टँडवर जातात.

इथे कानही उघडे ठेवा. शेजारी शेजारी बसलेल्या तीन बायका कन्नड, तेलुगू आणि मराठी अशा तीन भाषांत बोलत असतात आणि तिघींना सगळं कळत असतं. कन्नड तर इथल्या मातीतच आहे, तेलुगू हातमागावरच्या पद्मशाली विणकरांबरोबर आली. जुन्या पेठांकडून येणाऱ्यांची दख्खनी उर्दू त्यात मिसळलेली. सोलापुरी मराठीत "काय करालाव बे" असं कुणी म्हणालं तर रागावू नका. ते प्रेमानंच म्हणतात.

दर्शन आटपलं की लगेच किल्ल्याकडे वळू नका. तळ्याच्या काठाकाठानं चाला, तट पूर्ण नजरेत येईल अशी जागा शोधा आणि तिथे दहा मिनिटं काढा. सकाळी पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले दिसतात, बगळे असतात. घरून छोटी दुर्बीण आणली असेल तर तिचा उपयोग पक्ष्यांपेक्षा तटासाठी जास्त होईल.

दुसरा टप्पा : तट बाहेरून

बहमनी काळातला, म्हणजे साधारण चौदाव्या शतकातला हा किल्ला. त्याला दुहेरी तटबंदी आहे. बाहेरच्या तटाला चार कोपऱ्यांवर चार बुरुज आणि त्याखेरीज मधे आणखी तेवीस. त्याच्या मागे थोडं अंतर सोडून दुसरा तट. हा आतला तट बाहेरच्यापेक्षा पाच-दहा फुटांनी उंच ठेवलाय. तळ्याकाठून पाहिलंत तर दोन्ही कडा एकीवर एक दिसतात. बाहेरच्या तटावरचा शिपाई बंदूक चालवत असताना आतल्या तटावरच्या माणसाला त्याच्या डोक्यावरून मारा करता यायला हवा, म्हणून ही उंची. आणि बाहेरचा तट पडलाच, तर शत्रू दोन भिंतींच्या मधल्या बोळात अडकतो, वरून सगळे त्याच्यावर नेम धरून.

आता खंदक. तीन बाजूंनी रुंद खंदक खणलाय आणि चौथ्या बाजूला, पूर्वेला, खंदक नाहीच. तिथे तळं आहे. सिद्धरामेश्वरांनी तहानेसाठी खणलेलं पाणी दोन शतकांनी किल्लेदारांच्या कामी आलं. तळ्याकाठी उभं राहून हे पाहिलं की किल्ला नेमका इथेच का, ते वेगळं सांगावं लागत नाही. खंदकाच्या बाजूनं फिरताना खाली झाडोरा माजलेला दिसेल. कडेला फार वाकू नका, आणि लहान मुलांचा हात इथे सोडायचा नाही.

या किल्ल्यासाठी विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही पिढ्यानपिढ्या भांडली. त्यातला लग्नांचा भाग मला फार आवडतो. १५२४ च्या सुमारास आदिलशहाच्या बहिणीचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी झालं. सोलापूर आंदण द्यायचं ठरलं आणि दिलंच नाही. त्यावरून लढाया पेटल्या. पुढे किल्ला निजामशाहीकडे गेला, आणि तालीकोटच्या १५६५ च्या लढाईआधी सगळ्यांनी मिळून विजयनगरवर जायचं ठरलं तेव्हा उलटं झालं. हुसेन निजामशहानं आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर आंदण म्हणून पाठवलं. ती मुलगी म्हणजे चांदबिबी. नंतर मुघल आले, निजाम आला, मराठे आले. मे १८१८ मध्ये मन्रोच्या इंग्रज फौजेनं वेढा घालून किल्ला घेतला. पेशवाईच्या शेवटच्या लढायांतली ही एक.

तिसरा टप्पा : आत

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तिकीट आहे, पण नाममात्र, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. मोबाइलवरून पैसे भरायची सोय असली तरी सुटे पैसे खिशात असू द्या. पाण्याची बाटली न्या, डबा नेऊ नका. ट्रायपॉड लावून फोटो काढायचे तर आधी परवानगी लागते. लग्नाआधीच्या फोटोंसाठी छत्र्या, धुराचे डबे घेऊन येणारी जोडपी दारातून परत जाताना दिसतात. ड्रोनचा तर विचारच सोडा.

दरवाज्यातून आत जाताना घाई करू नका, किल्ल्याचं निम्मं डोकं दरवाज्यातच खर्च झालेलं असतं. एकापाठोपाठ दरवाजे लागतात आणि वाट वळत जाते, म्हणजे हत्तीला किंवा ओंडक्याला धाव घेऊन धडक मारता येऊ नये. दरवाज्याच्या बाजूच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा आणि एकेक दगड बघा. बहुतेक साधे, टाकीनं ठोकून चौकोनी केलेले. मधेच एखाद्यावर फुलाची नक्षी, एखाद्यावर खांबाचा घडीव कंगोरा, आणि तोही आडवा किंवा उलटा बसवलेला. हे जुन्या देवळांचे दगड. हाताशी तयार माल होता, गवंड्यांनी तो भिंतीत चिणला. नक्षी सरळ आहे की आडवी, याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हाच खेळ द्या : असे किती दगड सापडतात ते बघा. मोठी माणसं कंटाळतात, मुलं नाही.

आत आल्यावर मोठी झाडं, हिरवळ आणि पायवाटा. खरं तर इथे तुम्ही बागेतच आलेले असता, म्हणून लोकांना "आत काही नाही" असं वाटतं. तीन गोष्टी शोधून बघा. पहिली, जुन्या मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष. जोत्याची घडण आणि खांबांचे तुकडे बघितले की दरवाज्यापाशी पाहिलेले आडवे दगड कुठून आले असतील याचा अंदाज येतो. दुसरी, बत्तीस खांबी इमारत. भर उन्हातही आत गार वाटतं. एका कोपऱ्यात उभं राहून खांबांच्या रांगा तिरक्या बघा, फोटोही तिथूनच चांगला येतो. तिसरी, तळ्याच्या बाजूचा तट. वर चढायला जिथे मोकळीक आहे तिथून वर जा आणि मघाशी जिथे उभे होतात ती काठावरची जागा शोधा. जंग्यातून डोळा लावून बघा. बाहेरून बोटभर दिसणारी फट आतून रुंद होत जाते, शिपायाला बंदूक डावी-उजवीकडे फिरवता यावी म्हणून.

वरून दिसणारं दृश्य हे या सकाळीचं सर्वांत मोठं बक्षीस. एका बाजूला पाण्यातलं देऊळ, दुसऱ्या बाजूला गाव. इथे मात्र थोडी काळजी घ्या. पायऱ्या उंच आहेत, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. बुरुजाच्या कोनात मधमाश्यांचं पोळं दिसलं तर आवाज, अत्तर आणि धूर तिन्हींपासून लांब राहा. आणि दगडावर कुठेही बदामात नाव कोरलेलं दिसलं तर त्यात आपल्या नावाची भर घालायची नाही, हे बरोबरच्या पोरांना आधीच बजावून ठेवा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा किल्ला वरदान आहे. सिंहगड, रायगड आता जमत नाही म्हणणाऱ्या आजी-आजोबांना इथे खुशाल आणा. जमीन सपाट, बसायला सावली. बुरुज टाळला तर एकही अवघड चढ नाही. चाकाची खुर्ची मात्र सगळीकडे जाणार नाही, दरवाज्यातली फरसबंदी खडबडीत आहे.

चौथा टप्पा : हुतात्मा बाग आणि पार्क चौक

किल्ल्यातून बाहेर पडून बागेत या. बाग म्हणून ती साधीच आहे : झाडं, बाकं, मुलांचे झोके, पाठीमागे तट. माझ्या मते इथे बघायचं ते नाव. मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर, सोलापूर पेटलं. गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचं राज्य गावात उरलंच नाही. मग सरकारनं लष्करी कायदा लावला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. नावं पुन्हा एकदा वाचा. मघाशी देवळात ऐकलेल्या भाषा आणि ही चार नावं यातून सोलापूर कळतं. पुढे चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे आहेत, चालत जा. १२ जानेवारीला आलात तर तिथे हार घालायला गाव जमलेलं असतं.

जवळच इंद्रभवन. वारदांनी बांधलेला हा वाडा पुढे महापालिकेची कचेरी झाला. आत काम असेल तरच जा, पण रस्त्यावरून समोरचं नक्षीकाम जरूर बघा.

भूक लागली असेल तर दोन पर्याय. शाकाहारी असाल तर कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, आणि थंडीत आलात तर कुठे हुरडा मिळतोय याची चौकशी करा. मटण खात असाल तर सोलापुरी शीक सोडू नका. चटणी घरी न्यायची असेल तर उखळात कुटलेली मागा. बोटाला तेल सुटलं पाहिजे. मिक्सरमधली कोरडी भुकटी चवीला वेगळीच लागते.

गड्ड्याच्या दिवसांत येणार असाल तर

संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची यात्रा भरते, सोलापूरकर तिला गड्डा म्हणतात. वर लिहिलेलं शांत सकाळीचं वेळापत्रक त्या दिवसांत गुंडाळून ठेवा. होम मैदानावर पाळणे, दुकानं, खेळ, आणि माणसांचा पूर. रस्ते वळवतात, गाडी बरीच लांब लावावी लागते. तरी माझं मत विचाराल तर एकदा तेव्हाच या. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंचच उंच नंदीध्वज, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं प्रतीक मानलेल्या काठ्या, पेलत येतात, असे सात. एकाच्या कमरेवर तो सगळा भार, दोऱ्या धरून तोल सांभाळणारे बाजूला, आणि हजारो गळ्यांतून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र". संमती कट्ट्यापाशी नंदीध्वजाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं आणि सगळं गाव अक्षता टाकतं. दुसऱ्या दिवशी होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम. अक्षतेला जागा हवी असेल तर सकाळीच जाऊन उभं राहावं लागतं. लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. त्या गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

चादर घेताना

शेवटी चादर घेणारच, म्हणून सांगतो. खरी सोलापुरी जकार्ड चादर उलट-सुलट दोन्ही बाजूंनी नक्षी दाखवते, रंग अदलाबदल झालेले असतात. हातात घेतली की वजन लागतं. सोलापुरी म्हणून दुसरीकडचा हलका मालही विकला जातो, म्हणून घडी उघडून दोन्ही बाजू बघा, काठाचे धागे ओढून पाहा, भौगोलिक मानांकनाचं लेबल आहे का विचारा. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, ती जुनी गिरणी. ती गेली, बाकीच्याही बहुतेक गेल्या, यंत्रमाग अजून खडखडतात. दुकानापेक्षा कारखान्याला जोडलेल्या विक्री केंद्रात गेलात तर भाव बरा पडतो आणि माग चालताना बघायलाही मिळतो.

दुपारी अक्कलकोटला जायचं असेल तर बारा-साडेबाराला सोलापूर सोडा, तासाभरात पोचाल. तुळजापूरलाही साधारण तेवढाच वेळ. पक्षीप्रेमी असाल तर नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे. माळढोक दिसण्याची आशा आता जवळजवळ नाहीच, पण काळविटांचे कळप उघड्या माळावर दिसतात. त्यासाठी मात्र दुपारचं ऊन उतरल्यावर निघा.